डावा श्वसनवृक्ष

वहिनींनी समुद्रकाकडी मेणाच्या ट्रेमध्ये आडवी ठेवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चीर दिली, कातडी दोन्हीकडे ताणून टाचण्या टोचल्या, आणि आत जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही.

दिसायला हवं होतं शरीराच्या तिप्पट लांबीचं, वाळूने गच्च भरलेलं आतडं. आणि दोन श्वसनवृक्ष, एक डावा आणि एक उजवा, झुडपासारख्या फांद्या फुटलेल्या पातळ नळ्यांचे. समुद्रकाकडीला ना फुप्फुसं ना कल्ले. ती गुदद्वारातून पाणी आत ओढते, या झुडपांत खेळवते आणि परत सोडून देते. "खाते तोंडाने आणि श्वास घेते बुडाने," वहिनी दर वर्षी नव्या मुलांना सांगायच्या. "हसू नका. या इमारतीत काही जण विचारही तिथूनच करतात."

आज ट्रेमधलं आतडं शिवणाच्या दोऱ्याएवढं होतं, आणि रिकामं. उजवा श्वसनवृक्ष जागेवर होता. डावा नव्हताच.

वहिनींना त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहणाऱ्या बेबीला.

बेबी म्हणजे वहिनींची नणंद. वय चव्वेचाळीस, डॉक्टरेट, प्राणिशास्त्र विभागाची प्रमुख. घरात ती शेंडेफळ म्हणून बेबीच राहिली, कॉलेजात मात्र मॅडम. वहिनी त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक होत्या, आणि तिच्या आधीपासून होत्या. बेबी विद्यार्थिनी असताना तिला कात्री कशी धरायची ते वहिनींनीच शिकवलं होतं. तेव्हा दोघींचं गूळपीठ होतं. बेबीनेच त्यांना घरी नेलं, आपल्या मोठ्या भावाशी गाठ घालून दिली, लग्नात सगळ्यात जास्त तीच मिरवली. मग बेबी शिकून परत आली, त्याच विभागात वहिनींची साहेब झाली, आणि पहिल्याच दिवशी भरलेल्या वर्गासमोर वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "बेबी, तुझा डबा घरीच राहिला गं."

वर्ग खो खो हसला. त्यानंतर चौदा वर्षं प्रत्येक तुकडीने तिला पाठीमागे 'बेबी मॅडम' म्हटलं. वहिनींनी त्याच दिवशी माफी मागितली होती. बेबीने ती घेतली नाही. तेव्हापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. घर एकच होतं, वरच्या मजल्यावर बेबी, खाली वहिनी आणि त्यांचा नवरा. घरी बेबी तोंडदेखलं 'वहिनी' म्हणायची. कॉलेजात ती त्यांना कुठलीच हाक मारायची नाही, नुसता चिमटा टेबलावर आपटायची.

"दुसरी उघडा," बेबी म्हणाली.

दुसरीही तशीच निघाली. तिसरी तशीच, चौथीही.

बेबीचा खरा अभ्यास गोगलगायींच्या दातांचा. समुद्रकाकड्यांकडे ती दोन वर्षांपूर्वीच वळली होती, आणि पुस्तकात वाचलेलं तिने ट्रेमध्ये फारसं पाहिलं नव्हतं. तरी ती मूर्ख नव्हती. तिने चारही ट्रे ओळीने लावले आणि आजूबाजूला जमलेल्या तीन विद्यार्थ्यांना म्हणाली, "एकात असं असतं तर मी अपघात म्हटलं असतं. चारही सारख्या आहेत. डावा श्वसनवृक्ष मुळातच नसलेली जात! आजवर कोणी नोंदवलेली नाही."

"मॅडम," वहिनी म्हणाल्या, "एक सांगायचं होतं. तुम्ही बाहेर होतात तेव्हा टाकीत—"

"तुम्ही कात्री चालवा," बेबी मान वर न करता म्हणाली. "डोकं मी चालवते."

दोन विद्यार्थी हसले. तिसऱ्याने आपल्या चपलांकडे पाहिलं.

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

त्यांना सांगायचं होतं ते एवढंच होतं. बेबी दीड महिना परदेशी प्रशिक्षणाला गेली असताना, लागून आलेल्या सुट्ट्यांमध्ये टाकीचा हवेचा पंप बंद पडला होता. वहिनी कामावर आल्या तेव्हा पाणी कोमट, गढूळ, आणि तळाशी चिकट शेवयांसारखा लगदा. ही जात जिवावर बेतलं की आपलं आतडं गुदद्वारातून बाहेर फेकते. आतड्याच्या रक्तवाहिन्यांत डावा श्वसनवृक्ष गुंतलेला असतो, तोही सोबत जातो. प्राणी मरत नाही. तो उपाशी पडून राहतो आणि काही आठवड्यांत आतून नवं आतडं धरू लागतो, आधी दोऱ्यासारखं. श्वसनवृक्षाला त्याहून वेळ लागतो. वहिनींनी तो लगदा जाळीने काढला, पंप दुरुस्त करून घेतला, आणि टाकीच्या नोंदवहीत तारीख घालून लिहिलं: 'चारही काकड्यांनी आतडी टाकली. जिवंत आहेत.' बेबी परत आली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने चारही फॉर्मॅलिनमध्ये घालायला लावल्या.

नवी जात ठरवायला नुसतं आतडं पुरत नाही. समुद्रकाकडीच्या कातडीत चुन्याचे बारीक कण असतात, कुठे बटणांसारखे, कुठे छोट्या मेजांसारखे. प्रत्येक जातीची घडण वेगळी, आणि तज्ज्ञ त्यावरूनच ओळख पटवतात. बेबीने हे काम चार महिने लांबणीवर टाकलं. नमुने तोवर बरणीत पडून राहिले. फॉर्मॅलिन हळूहळू आंबतं आणि चुना कुरतडतं, म्हणून त्यात टाकणखार घालायचा असतो. विभागातला टाकणखार संपला होता. वहिनींनी दोनदा मागणीपत्र बेबीच्या टेबलावर ठेवलं आणि दोनदा ते फायलींच्या खाली गेलं. तिसऱ्यांदा वहिनींनी ठेवलं नाही. शेजारच्या रसायनशास्त्र विभागात मूठभर मागितला असता तर मिळाला असता. तिथेही त्या गेल्या नाहीत.

चार महिन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेबीला बटणांच्या कडा दातेरी दिसल्या, मेजांचे पाय झिजलेले दिसले. "हेही वेगळं!" ती जवळजवळ ओरडलीच. वहिनी बाजूच्या टेबलावर कातडीचा तुकडा ब्लीचमध्ये विरघळवत उभ्या होत्या. दातेरी कडा कशाने होतात हे त्यांना पाहताक्षणी कळलं. त्यांनी काचपट्टी पुसून पुढे केली.

निबंध लिहिला गेला. चित्रं वहिनींनी काढली, पेन्सिलने, मग शाईने, प्रत्येक टाचणीच्या सावलीसह. निबंधाच्या शेवटी बेबीने आभार मानले मच्छीमाराचे, गाडीच्या चालकाचे, वीजतंत्रीचे. वहिनींचं नाव नव्हतं. चित्रांखाली होतं, 'विभागाच्या संग्रहातून'.

आणि नव्या जातीला बेबीने नाव दिलं आपल्या वडिलांचं.

वहिनींच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो शांत माणूस, बहीण आणि बायको यांच्यामध्ये सापडून आयुष्यभर चष्म्याच्या दांड्यांचे स्क्रू पिळत बसलेला. छापलेला निबंध हातात आला त्या दिवशी त्याने दुकान दुपारीच बंद केलं. वहिनींनी काढलेलं चित्र त्याने चौकटीत घालून आणलं आणि वडिलांच्या फोटोशेजारी लावलं.

"बाबांचं नाव लॅटिनमध्ये!" तो म्हणाला. "माणसं मरतात, हे नाव मरणार नाही. बघ ना."

"बघतेय," वहिनी म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी जिन्यात बेबी भेटली. तिच्या हातात निबंधाच्या प्रती होत्या आणि डोळे सुजलेले. चौदा वर्षांत तिने वहिनींकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

"वहिनी, बाबांना आवडलं असतं ना हो?"

आता सांगता आलं असतं. दुरुस्तीचं पत्र पाठवून बेबीला स्वतःच निबंध मागे घेता आला असता. थोडी नाचक्की झाली असती, पण निभावलं असतं. वहिनींना ते कळत होतं. त्यांना वर्गातलं ते हसू आठवलं नाही, कात्रीचं वाक्य आठवलं नाही. आठवली ती आभारांची यादी. वीजतंत्री! ज्याला पंप दुरुस्तीला त्यांनीच फोन करून बोलावलं होतं.

"खूप आवडलं असतं," त्या म्हणाल्या, आणि खाली येऊन कणीक मळायला बसल्या. हात इतके जोरात चालत होते की परातीखालचं फडकं सरकलं.

पुढे सहा महिन्यांनी पत्र आलं. आयुष्यभर समुद्रकाकड्याच पाहिलेले एक वृद्ध तज्ज्ञ मूळ नमुने पाहायला येत होते. बेबीने प्रयोगशाळा धुवून घेतली, पडदे बदलले, प्राचार्यांना बोलावलं. वहिनींनी टाकीची नोंदवही कपाटातून काढली आणि आपल्या टेबलाच्या खणात, हाताशी ठेवली.

तज्ज्ञ आले ते एकटेच, खांद्याला कापडी पिशवी लावून. त्यांनी चहाला नको म्हटलं. पहिला नमुना उघडून ते बराच वेळ पाहत राहिले. चिमट्याने दोऱ्यासारखं आतडं हलकेच उचललं, खाली ठेवलं. मग पिशवीतून निळ्या कागदाची एक पट्टी काढली आणि बरणीत बुडवली. पट्टी लाल झाली.

"हे फॉर्मॅलिन आंबट आहे," ते म्हणाले. "यात काही दिवस ठेवलं तर कुठल्याही कणाला दाते पडतील. टाकणखार घातला नव्हता?"

बेबीने एका श्वासात उत्तर दिलं, "ते काम सहायकांचं आहे."

"मागणीपत्र दोनदा दिलं होतं, मॅडम," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या टेबलावर असेल."

प्राचार्यांनी घसा खाकरला. तज्ज्ञांनी दोघींकडेही पाहिलं नाही. "हे प्राणी जिवंत किती दिवस होते तुमच्याकडे?"

"नऊ आठवडे," बेबी म्हणाली.

"त्या काळात काही झालं? पाणी तापलं, हवा बंद पडली?"

"नाही. काहीच नाही."

"टाकीची नोंदवही ठेवता?"

"जुनी नोंदवही आता मिळायची—"

वहिनींनी खण उघडला. नोंदवही टेबलावर ठेवली, पान उघडलं, आणि मागे सरकून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तज्ज्ञांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "चारही काकड्यांनी आतडी टाकली. जिवंत आहेत."



"हे आज लिहिलंय!" बेबीचा आवाज चिरकला. "सर, ही बाई माझी भावजय आहे. घरचं भांडण आहे हे. हिने हे पान आत्ता, मला खाली पाडायला लिहिलंय."

तज्ज्ञांनी वही तिच्याकडे वळवली आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "मग ही महिनाअखेरची सही कोणाची?"

सही बेबीची होती. प्रवासाहून आल्यावर तुंबलेली पानं तिने एका दमात, न वाचता सह्या करून परत दिली होती. ती वहीकडे पाहत राहिली.

"तुम्हाला माहीत होतं," ती वहिनींना म्हणाली. हळू म्हणाली, जणू दुसरं कोणी तिथे नव्हतंच.

"हो."

"कधीपासून?"

"पहिली टाचणी टोचली तेव्हापासून. सांगायला गेले होते. तुम्ही म्हणालात, कात्री चालवा."

हे वाक्य वहिनींनी वर्षभर तोंडात घोळवलं होतं. ते बाहेर पडल्यावर वाटेल असं त्यांना जे वाटत होतं, तसं काहीच वाटलं नाही. निबंध छापून आल्याच्या संध्याकाळी बेबीने जिन्यात विचारलेला प्रश्न दोघींनाही त्याच क्षणी आठवला असावा, कारण बेबी एकदम म्हणाली, "आणि जिन्यात? तेव्हाही?"

वहिनींनी टेबलावरची नोंदवही मिटली.

तज्ज्ञांनी झाकण लावलं. वहिनींना वाटलं, निदान हा माणूस तरी काहीतरी बरं बोलेल. ते बोलले, पण असं: "चूक करणारा माणूस मला समजतो. मी स्वतः दोन जाती चुकीच्या नोंदवल्या आहेत. पण डोळ्यांदेखत चूक वाढू द्यायची, तिला चित्रं काढून द्यायची, आणि वही खणात जपून ठेवायची... बाई, तुमचा हात उत्तम आहे. तुमच्या हातात मी माझा एकही नमुना देणार नाही."

ते पिशवी घेऊन निघून गेले. प्राचार्य त्यांच्यामागे धावले. खोलीत दोघीच उरल्या. बेबीने जवळची काचेची बशी उचलली. वहिनींना वाटलं ती फेकून मारणार. तिने ती सिंकमध्ये ठेवली, तुकडे झाले इतक्या जोरात.

"घरात राहून तुम्ही माझं हे केलंत," ती म्हणाली.

"घरात राहून तू माझं काय केलंस ते मोजायला बसले तर टाकी भरेल," वहिनी म्हणाल्या. कॉलेजात त्यांनी तिला पहिल्यांदाच ठरवून 'तू' म्हटलं.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठून भिंतीवरची चौकट उतरवली आणि कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"बेबीला पाडायचं होतं ना तुला? पाडायचं होतं तर पाड. मध्ये बाबांना कशाला आणलंस?"

"मी आणलं? नाव तिने दिलं."

"आणि तू देऊ दिलंस. मी चौकट करून आणली, तू बघत उभी होतीस. माझ्याकडे बघून हसलीही असशील मनात."

"नाही हसले."

"मला ते कसं कळणार?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर वहिनींना भांडता आलं असतं. त्या दिवसापासून तो लागेल तेवढंच बोलू लागला, आणि लागायचं फार थोडं.

कॉलेजने बेबीचं विभागप्रमुखपद काढून घेतलं आणि वहिनींना शिस्तभंगाची लेखी ताकीद दिली. निबंध मागे घ्यायचा ठरला. त्यासाठी ताज्या समुद्रकाकड्या आणून, त्यांना आतडी टाकायला लावून, नवं आतडं धरताना पुन्हा चिरून दाखवणं भाग होतं. कण न कुरतडता स्वच्छ काचपट्ट्या करायला विभागात दुसरा हात नव्हता. म्हणून सात आठवडे दोघी त्याच खोलीत त्याच टेबलावर काम करत राहिल्या. "चिमटा." "दुसरी." "तारीख लिहा." एवढंच बोलणं. फॉर्मॅलिनमध्ये टाकणखार वहिनी घालायच्या, बेबी पट्टी बुडवून तपासायची, दर वेळी, त्यांच्या तोंडासमोर. पट्टी निळीच राहायची. बेबी ती कचऱ्यात टाकायची, जणू निळी राहिली हाही वहिनींचाच गुन्हा.

पाचव्या आठवड्यात उघडलेल्या नमुन्यात दोऱ्यासारखं आतडं, उजवा श्वसनवृक्ष, डावा नाही. हुबेहूब तेच. बेबी ट्रेपुढे स्टुलावर बसून राहिली. वहिनींनी चित्र काढायला घेतलं. बेबी म्हणाली, "सावल्या नकोत. नुसत्या रेषा काढा. कोणाला सुंदर दिसायला नकोय हे."

माघारीचं टिपण दोन पानांचं झालं. छापायच्या आधी संपादकांचं पत्र वहिनींच्या नावाने आलं, तेव्हा त्यांना कळलं की बेबीने लेखकांमध्ये आपल्या नावानंतर त्यांचं नाव घातलं आहे. संमतीची सही हवी होती.

त्या कागद घेऊन बेबीच्या खोलीत गेल्या. ती टेबल रिकामं करत होती. दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात तिने नोकरी धरली होती.

"हे कशाला?" वहिनींनी विचारलं.

"नाव हवं होतं ना? घ्या." बेबीने पुस्तकांचा गठ्ठा खोक्यात टाकला. "आपण चुकलो, असं लिहिलंय. आपण. मी एकटीने का छापून घ्यावं?"

वहिनी तिथेच उभ्या राहून दोन्ही पानं वाचून गेल्या. एकही शब्द खोटा नव्हता. पंप बंद पडल्याची तारीख होती, टाकणखार नसल्याचं होतं, आणि 'दुसऱ्या लेखिकेला ही घटना सुरुवातीपासून माहीत होती' हेही होतं. पंचवीस वर्षं ट्रेमागे उभं राहून आपलं नाव छापलेलं पाहायचं त्यांच्या मनात होतं. ते असं, या वाक्याच्या वर छापलं जाणार होतं, आणि जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात ही जात शोधणारा माणूस ते वाचणार होता. फाडून टाकावं असं त्यांना वाटलं. बेबी हातातलं पुस्तक तसंच धरून त्यांच्याकडे पाहत होती. त्या फाडतील याचीच ती वाट पाहत असावी.

वहिनींनी तिच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि सही केली.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं," बेबी म्हणाली.

रविवारी सकाळी सामानाची गाडी आली. नवऱ्याने वरच्या मजल्यावरून खोकी स्वतः उतरवली, चालकाला हात लावू दिला नाही. वहिनी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होत्या. दार अर्धं उघडं होतं आणि जिन्यावरची पावलं एकेक मोजता येत होती. शेवटी बेबीची पावलं खालच्या पायरीवर थांबली.

"दादा, येते रे," ती म्हणाली.

वहिनींनी पाणी ओतून दिलं आणि दुसऱ्यांदा भरलं. त्यांना कोणी हाक मारली नाही, आणि त्याही बाहेर गेल्या नाहीत.